नावडतीचं पान

आमच्या घरी वार कॅलेंडरवरून कळायचा आणि कारखान्यात कोणता रंग भरला ते कुमुदआत्याच्या रुमालावरून. संध्याकाळी ती दारात चपला काढायची, कमरेचा रुमाल ओढून तोंड पुसायची, आणि आई स्वयंपाकघरातूनच विचारायची, "आज काय वन्सं, हळद की वांगं?" डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग तयार करणारा एक छोटा कारखाना होता, त्याच्या पॅकिंग खात्यात आत्या कामाला होती. पुडे भरायचे, तोंडं शिवायची, वर लेबल चिकटवायचं. ती पूड मैद्याहून बारीक असायची. आत्याच्या नखांत, कानांच्या पाळ्यांत, वेणीच्या पेडांत ती जाऊन बसे आणि रविवारी न्हाताना मोरीतून कधी जांभळं, कधी केशरी पाणी वाहत जाई. धुणं एकाच बादलीत भिजत असल्यामुळे बाबांचे सगळे गंजिफ्रॉक हळूहळू गुलाबी झाले होते. ते मुंबईच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाआड काय गुलाबी गुपित आहे हे त्यांच्या साहेबाला कधी कळलं नाही, हा माझ्या बालपणातला एक कायमचा आनंद होता.

लेबल चिकटवायची कारखान्यात एक पद्धत होती. खळ म्हणजे कणकेची शिजवलेली पेज, तिला काही सोनं मोजावं लागत नव्हतं. पण मुकादमाला ती वाया गेलेली खपत नसे. सगळ्या कागदाला फासायची नाही. बोटाने पाच ठिपके द्यायचे आणि दाबायचं. मुकादम उत्तरेकडचा होता, तो दिवसभर येरझाऱ्या घालत एवढंच म्हणायचा, "चार कोने, एक पेट." आत्याने हे ब्रीदवाक्य घरी आणलं. माझ्या वह्यांवरची नावं, देवघरामागचं कॅलेंडर, फुटलेल्या तावदानावरचा कागद, सगळं तिने चिकटवलेलं होतं आणि सगळ्याला चार कोने, एक पेट. मला पोट भरून जेवायचा आग्रह करतानासुद्धा ती तेच म्हणायची. पोळीचे चार तुकडे आणि मधे भाताची मूद.

आत्या आमच्याकडे का राहते हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नाही. काही घरांत शिवणयंत्र असतं, काही घरांत आत्या असते, असं मी धरून चालले होते. पुढे बिल्डिंगमधल्या बायकांच्या अर्ध्या वाक्यांतून पूर्ण हकीकत जुळवली. आत्याचं सासर कल्याणला. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तिचा नवरा एका रविवारी तिला आणि तिच्या ट्रंकेला घेऊन आमच्या दारात आला, बसला, चहा प्याला, आणि कप खाली ठेवताना बाबांना म्हणाला, "मला ती आवडत नाही." एवढं बोलून गेला. बाबांनी कित्येक महिने या वाक्याचा खरा अर्थ शोधला. हुंडा? मूल? स्वयंपाक? कचेरीत लोकांच्या अर्जांतली गोम काढायची सवय असलेल्या माणसाला या वाक्यात गोम सापडेना, कारण ती नव्हतीच. पुढे वर्षभरात कळलं, की आवडणारी बाई त्याच्या घरात राहायला आली आहे.

म्हणून श्रावणात आमच्याकडे जरा अवघड व्हायचं. शुक्रवारी दुपारी आईकडे कहाणी ऐकायला बिल्डिंगमधल्या आठ-दहा बायका जमायच्या. सतरंजी, देवीचा फोटो, तांब्याच्या ताम्हनात हळदीकुंकू, प्रत्येकीच्या मुठीत चार अक्षता. कहाणी नुसती ऐकून चालत नाही, कोणीतरी वाक्यावाक्याला "हूं" म्हणावं लागतं, नाहीतर सांगणारी थांबते. आमच्याकडे हूं म्हणायचं काम आत्याकडे होतं. नवरा एक स्टेशन सोडून पलीकडे धडधाकट असल्यामुळे ती सवाष्णच होती, तेव्हा मुठीत अक्षता घेऊन बसायला कोणाची हरकत नव्हती. कहाणी संपली की सगळ्यांनी अक्षता देवीवर टाकायच्या. अक्षता पडल्या की संपलं; मग त्या कहाणीत कोणी बोट घालायचं नाही. त्यानंतर साखर घातलेलं गरम दूध आणि फुटाणे. दुधावरची साय कोणाच्या पेल्यात गेली यावरून नजरा फिरायच्या, फुटाणे दाताखाली कडाकड वाजायचे, आणि भक्तिभाव तेवढ्यापुरता बाजूला राहायचा.

आणि कहाणीत कोण असणार? राजा असणार, त्याच्या दोन राण्या असणार, एक आवडती, एक नावडती. आवडतीला रेशीम, नावडतीला जाडंभरडं. आवडती पलंगावर, नावडती गोठ्यात. आपल्या लोकांनी राण्यांना नावं देण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही. राजाला काय वाटतं हेच त्यांचं नाव. आईला सगळ्या कहाण्या पाठ होत्या, पोथी ती समोर नुसती मानाला उघडी ठेवायची. एकदा मी तिच्या खांद्यावरून पोथीत डोकावले, तर छापलेलं होतं "नावडती" आणि आई म्हणत होती "धाकटी". गोठ्याच्या जागी ती "मागचं घर" म्हणायची. उष्टं अन्न तर गाळूनच टाकायची. बायका गेल्यावर मी तिला पकडलं.

"आई, तू चुकीचं वाचतेस."

"मिने, पोथीत असतं ते डोळ्यांनी वाचायचं," आई पेले गोळा करत म्हणाली. "तोंडाने काय म्हणायचं ते समोर कोण बसलंय ते बघून."

परवा हे वाक्य मला फार आठवलं. ठाण्यातल्या एका महाविद्यालयाने मला चर्चासत्राची अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. निवृत्त ग्रंथपालाला अध्यक्ष करतात तेव्हा समजावं, की ज्यांना खरं बोलवायचं होतं त्यांनी नाही सांगितलं आहे. वर्तकनगरहून रिक्षाने दहा मिनिटं, तेव्हा गेले. विषय होता, मध्ययुगीन कथा आणि परीकथांमधलं स्त्रीचित्रण. एका तरुण प्राध्यापिकेने पडद्यावर दाखवलं, की तिकडची राजकन्या मनोऱ्यात बसते, इकडची राणी गोठ्यात. दोघीही वाट बघतात. हलतो तो फक्त राजा. पिवळ्या चौकटीत मोठ्या अक्षरांत "निष्क्रियता" असं लिहिलं होतं. मी मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण तिचं सगळं खरं होतं. तिने पोथी नीट वाचली होती. ती कोणी कोणाला मोठ्याने वाचून दाखवली आणि वाचताना काय गाळलं, हे पोथीत कुठून असणार? मग त्यांनी मला शाल घातली. एप्रिल महिना होता.

तिकडच्या राजकन्या मी लहानपणीच वाचल्या होत्या. स्टेशनजवळच्या एका वाचनालयातून भाषांतरित परीकथांची पुस्तकं मी एकामागून एक आणायचे आणि आत्या लेबलं लावलेल्या बोटांना खोबरेल तेल चोळत ऐकायची. मोठमोठ्या लेखकांना मिळाला नसेल असा श्रोता मला मिळाला होता. पायापर्यंत केस असलेल्या राजकन्येबद्दल ती म्हणाली, "आमच्याकडे घेणार नाहीत. शिवायच्या मशीनमध्ये अडकतील." एका गोष्टीत दोन सरदार एका राजकन्येसाठी घोड्यांवरून भाले घेऊन लढतात आणि जो जिंकेल त्याची ती होणार असते. आत्याने तेल चोळणं थांबवलं. "आणि तिला दोघंही नको असले तर?"

मी पान उलटून बघितलं. "तसं काही दिलेलं नाही."

"विसरले असतील," आत्या म्हणाली.

ज्या श्रावणाबद्दल मी सांगते आहे त्या श्रावणात कल्याणहून निरोप आला. आवडती बाई निघून गेली होती. का गेली ते निरोपात नव्हतं. राजाला नावडतीची आठवण झाली होती, कारण राजाच्या आईचा खुबा मोडला होता आणि तिला उचलून बसवायला घरात कोणी नव्हतं. अर्थात निरोप या शब्दांत आला नाही. "झालं गेलं विसरून तिला सन्मानाने आणायचं ठरलं आहे," असा आला. शुक्रवारी आत्याची थोरली जाऊ स्वतः येणार, सवाष्ण म्हणून आमच्याकडे जेवणार, आत्याची ओटी भरणार, आणि रविवारी बाबांनी आत्याला पोचवायचं.

बिल्डिंगमध्ये ही बातमी आनंदाने पसरली. तिसऱ्या खोलीतल्या प्रधानकाकू आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मंडळात नऊ बायका होत्या आणि काकूंकडे शांतता राखण्यासाठी एक पितळी घंटी होती. त्या घंटीसकट आल्या. "कुमुद, इतकी वर्षं शुक्रवार केलेस, फळलं बघ! मंडळातर्फे मी शुक्रवारी दोन शब्द बोलीन." बाबाही हलके झाले होते. आत्यावर त्यांचा जीव होता, पण माणूस जागच्या जागी लागला की त्यांना बरं वाटायचं, मग ती फाइल असो की बहीण. "आपलं घर ते आपलं घर," ते म्हणाले. "नोकरीचा राजीनामा शनिवारी देऊन टाक. मी मसुदा करून देतो."

आत्या काहीच बोलली नाही. भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीला नाही म्हणायला जागा नसते; ती नाही म्हणाली तर त्याचा अर्थ "तू मला पोस" असा होतो, मग ती महिन्याचा पगार वहिनीच्या हातात देत का असेना. आई काही बोलली नाही, कारण नणंद सासरी जाऊ नये असं म्हणणारी भावजय कोणी ऐकलेली नव्हती. त्या आठवड्यात कारखान्यात निळा रंग होता. आत्या कोपरापर्यंत निळी होऊन यायची आणि ओट्याशी आईजवळ उभी राहायची. दोघी काय बोलायच्या ते मला ऐकू यायचं नाही. मी गेले की दोघींना एकदम चटणीतल्या मिठाची काळजी वाटू लागायची.

शुक्रवारी सकाळी आईचा घसा बसला. आदल्या दिवशी ठणठणीत होती, सकाळी उठली ती गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून. खुणांनीच तिने डाळ शिजवली, पुरण वाटलं. आत्याने त्या दिवशी रजा टाकली होती, पण तिला पुरणाला हात लावायची बंदी होती. सोवळ्याओवळ्यामुळे नव्हे, पुरण निळं होईल म्हणून. आत्या नारळ खोवत बसली होती आणि मला म्हणाली, "मिनू, वहिनींना आवाज नाही. आज कहाणी तू वाच."

मी हुरळून गेले. शाळेत मोठ्याने वाचण्याचं बक्षीस माझ्याकडे होतं. इतक्या बायकांपुढे वाचायला मिळणार आणि तेही आईसारखं गाळूनबिळून नाही, छापलेलं जसंच्या तसं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

अक्का, म्हणजे आत्याची जाऊ, साडेअकराला आल्या. भरलेल्या अंगाच्या, गोड आवाजाच्या, हातात पाटल्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हिरवं लुगडं. आल्या आल्या त्यांनी आत्याचे हात बघितले. "अगंबाई, हे काय गं? जात का नाही?"

"जातं हळूहळू," आत्या म्हणाली. "तोवर सोमवार येतो."

अक्कांचं पान मधोमध मांडलं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, कोथिंबिरीच्या वड्या. अक्का समाधानाने जेवल्या आणि जेवताना सासूबाईंना उचलणं किती जड जातं ते सांगत राहिल्या. "माझी कंबर धरते गं. कुमुद काटक आहे, तिला जमेल." आईने मफलरातून मान डोलावली आणि त्यांच्या पोळीवर आणखी तूप वाढलं. जेवण झाल्यावर अक्कांनी खणानारळाने आत्याची ओटी भरली आणि हिरवं लुगडं तिच्या हातात ठेवलं.

दुपारी बायका जमल्या. प्रधानकाकूंनी घंटी वाजवून दोन शब्दांच्या नावाखाली बरेच शब्द बोलून घेतले. त्यात संस्कृती दोनदा आणि कुमुदचं सौभाग्य तीनदा आलं. मग मी पोथी उघडली. कव्हर कधीच गेलेली, वर्तमानपत्राहून पातळ पानांची ती पोथी, तिला आत्यानेच तपकिरी कागद घातला होता. माझ्यासमोर आत्या मुठीत अक्षता घेऊन बसली, तिच्या शेजारी अक्का.

मी वाचू लागले. राजा आला, राण्या आल्या. मी खणखणीत आवाजात "नावडती" म्हणाले तेव्हा सतरंजीवरच्या सगळ्या माना खाली गेल्या. फक्त आत्या म्हणाली, "हूं." मी नावडतीला गोठ्यात धाडलं. "हूं." तिला उष्टं वाढलं, फाटकं नेसवलं. "हूं." अक्का पदराशी चाळा करू लागल्या. एके दिवशी नावडती उठली आणि रानात गेली. रानात एक ओसाड देऊळ होतं, तिने ते झाडलं, सारवलं. देवी प्रसन्न झाली, देवळापाशी विहिरीला पाणी लागलं. आल्यागेल्याला नावडती तांब्याभर पाणी देई, मूठभर फुटाणे देई, आणि देवीची सेवा करून सुखाने राही. "हूं," आत्या म्हणाली. मी पान उलटलं. जशी देवी तिला प्रसन्न झाली, तशी तुम्हांआम्हां होवो. ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

शेवटचा शब्द माझ्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत आत्याने अक्षता टाकल्या. तिच्यामागोमाग आईने. सवयीने सगळ्यांचे हात उठले आणि अक्षता देवीच्या फोटोवर टपटप पडल्या. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "अगं पण राजा कुठे गेला?"

"पालखी कुठे गेली?"

"मिने, पान गाळलंस की काय? राजा शिकारीला येतो, तहान लागते, तिला ओळखतो, पालखीत घालून नेतो! एवढी मोठी कहाणी गिळलीस?"

माझे कान तापले. प्रधानकाकूंनी घंटी वाजवली. "शांतता! मुलीकडून चूक झाली आहे. पुन्हा वाचू दे."

आईने दोन्ही हात वर केले आणि बसलेल्या घशातून खरखरत एवढंच म्हणाली, "अक्षता पडल्या."

लग्नात अक्षता पडल्यावर नवरा बदलून मागता येत नाही, तसंच हे.

"असली कसली अर्धवट कहाणी," अक्का म्हणाल्या. आवाजातली साखर कमी झाली होती. "राजा नेतोच तिला. कायम नेतो."

"आज नाही नेलं," आत्या म्हणाली. "बरी होती की तिथे. विहीर होती, फुटाणे होते."

"कुमुद, थट्टा पुरे. मी काय एवढ्या लांबून कहाणी ऐकायला आले?"

"अक्का, तुम्ही पालखी आणलीत का?"

"मी? मी टांग्याने आले स्टेशनवरून!"

पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही. बहुधा चौथ्या खोलीतली नवी सून. तिच्या तोंडात फुटाणा होता आणि तो उडाला. मग सगळीच सतरंजी हसायला लागली. प्रधानकाकूंनी घंटी वाजवली, ती हसण्यात बुडून गेली. अक्कांनाच काय ते हसू आलं नाही. त्या थांबून म्हणाल्या, "मग करणार काय जन्मभर?"

आत्या उठली. तिने आपले निळे हात जोडले आणि कहाणीतल्या बायका व्रत घेताना म्हणतात तेच म्हणाली, "सोमवारी कारखान्यात माझी पहिली पाळी आहे, अक्का. उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." हसता हसता तिचा आवाज मधेच थोडा चिरकला. आई लगेच दूध आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अक्का दूध न पिता निघाल्या. आत्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि हिरवं लुगडं परत दिलं. सासूबाईंसाठी चांगली नर्स बघा, असंही सांगितलं. ओटीचा खण आणि नारळ मात्र तिने ठेवून घेतला, कारण ओटी परत करत नाहीत. त्या नारळाचा आम्ही नारळीभात केला.

संध्याकाळी बाबा आले. मी पलंगाखाली जाऊन बसले होते. माझ्या एका पानाच्या चुकीमुळे आत्याचं सासर बुडालं, असं माझं स्पष्ट मत झालं होतं आणि शिक्षेची मी वाट बघत होते. पलंगाखालून मला बाबांचे पाय आणि आईचे पाय दिसत होते, आणि आईचा आवाज ऐकू येत होता. चांगला मोकळा, खणखणीत आवाज.

"कहाणी अपुरी राहिली," आई सांगत होती. "अपुरी कहाणी ऐकून घरची बाई पाठवत नाहीत."

"असा नियम आहे?"

"आहे तर."

"कुठे लिहिलाय?"

"सगळे नियम लिहिलेले असते तर तुमच्या कचेरीत एवढी माणसं कशाला लागली असती?"

"मग कधी पाठवायची?"

"आता पुढच्या श्रावणात. कहाणी पुरी झाल्यावर."

बाबांचे पाय खिडकीपर्यंत जाऊन परत आले. लिहिलेला नसला तरी नियम नियमच, हे त्यांच्या मनाला पटत असावं. किंवा त्यांना दुसरंच काही कळलं असावं. हेडक्लार्क माणसांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ काही कळतं. राजीनाम्याचा मसुदा त्यांनी खिशातून काढून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर भाजीची यादी केली. आत्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "कुमुद, माझे गंजिफ्रॉक तेवढे वेगळे भिजवत जा. बाकी काही म्हणणं नाही."

"बरं, दादा," आत्या म्हणाली. मग ती वाकली आणि पलंगाखाली माझ्या हातात फुटाण्यांची पुडी दिली. दुप्पट होती. वर कागद चिकटवलेला होता.

पुढच्या श्रावणात आईने तीच कहाणी सांगितली. पोथी तिने उघडलीच नाही. रानात राजा आला, त्याला तहान लागली होती, नावडतीने त्याला पाणी दिलं, फुटाणे दिले, तो ते खाऊन निघून गेला, सुफळ संपूर्ण. सगळ्या "हूं" म्हणाल्या. प्रधानकाकूंनी घंटी आणली नव्हती. तोवर कल्याणला नर्स लागली होती आणि पुढे म्हणे कोणी तिसरी आवडतीही आली. आत्याने निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात काम केलं, शेवटची काही वर्षं स्वतः मुकादम म्हणून. स्टेशनच्या पूर्वेला एका खोलीचं स्वतःचं घर घेतलं, आणि खूप म्हातारी होऊन झोपेत गेली. तिच्या नखांच्या कडा तेव्हाही निळसर होत्या. मी मात्र मनात कुठेतरी धरून होते, की ते सगळं माझ्या गाळलेल्या पानामुळे झालं. आधी त्याची लाज वाटायची. ग्रंथपाल झाल्यावर थोडा अभिमान वाटू लागला.

पोथी आईच्या पश्चात माझ्याकडे आली आणि डब्यात राहिली. चर्चासत्राहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मी काढली. त्या प्राध्यापिकेला आवडतीनावडतीची कहाणी छायाचित्र काढून पाठवीन असं मी कबूल केलं होतं. पान तेरा. उलटलं. पान सोळा. पुन्हा मागे गेले. मी काही गाळलंच नव्हतं. चौदा आणि पंधरा एकमेकांना चिकटलेली होती. पंचामृत सांडलं असेल, असं म्हणून मी किटलीची वाफ धरली, आणि चाकूच्या बोथट बाजूने सबुरीने पानं सोडवली. जुन्या पुस्तकांची एवढी सेवा आयुष्यभर केली होती, ती कामाला आली. आत राजा होता, शिकार होती, पालखी होती. आणि त्यांच्यावर खळीचे पिवळट डाग होते, कडांना किंचित निळे. पाच. चारही कोपऱ्यांत एकेक आणि बरोबर मध्यावर, पालखीच्या पोटावर, एक.

मी बराच वेळ हसत बसले. मग आईचा मफलर आठवला, आणि पुन्हा हसले.

प्राध्यापिकेला पाठवायचं छायाचित्र मी काढून घेतलं. तिला राजा हवा आहे, मिळू दे. नंतर वाटीत दोन चमचे कणीक कालवून गॅसवर ठेवली, खळ झाली तशी कोमट होऊ दिली, आणि दोन्ही पानं परत चिकटवून टाकली. चार कोने, एक पेट.